बाईंचा हौद आणि माझं पिवळं पत्रक

बाई,

काल तुमच्या पुतण्याने मला माझंच पत्रक वाचून दाखवलं. मोठ्याने, एक शब्दही न गाळता. तुमच्या पंपाच्या खोलीतल्या भिंतीवरून त्याने ते काढून आणलं होतं, वरच्या दोन कोपऱ्यांना अजून चिकटपट्टी लोंबत होती. "ज्या गावात बायका हंडाभर पाण्यासाठी टँकरमागे धावतात, त्याच गावात दर आठवड्याला पोहण्याचा हौद उपसून पुन्हा भरला जातो." वाचून झाल्यावर त्याने कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाला, "ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग मी हौद बुजवतोय तर तुम्हीच कशा आडव्या येताय?"

मला उत्तर देता आलं नाही. मला! तुम्ही असतात तर गळ्यातली शिट्टी वाजवून म्हणाला असतात, पहिल्यांदाच गप्प बसली, नोंद करा.

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले आणि मला तुमचा राग आलाय. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. कसं लिहितात ते गावच्या शाळेतल्या शोकसभेत ऐकलं. चौघे बोलले आणि चौघांनी मिळून एका सोज्वळ, शांत, मितभाषी स्त्रीला श्रद्धांजली वाहिली. मागच्या बाकावर बसून मी विचार करत होते, ही बाई कोण? खेडच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेल्या, निवृत्त होऊन रत्नागिरीजवळच्या या कातळी सड्यावर घर बांधल्यावरही शिट्टी न उतरवलेल्या, साठीच्या बायकांना "गुडघा वर! अजून वर! लाजायला काय झालं?" म्हणून ओरडणाऱ्या बाई कुठे गेल्या? एक जण म्हणाला, "त्यांना पोहण्याचा छोटासा छंद होता." छंद! मी उठून बोलणार होते. उठले नाही. त्या माणसाला हौदाबद्दल जे माहीत होतं ते बहुतेक माझ्याच पत्रकातून माहीत झालं होतं.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे तुमच्याबरोबर इतरांनीही वाचायचं आहे. घरामागच्या कातळात तुम्ही चिऱ्याचा हौद बांधलात. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, छातीभर खोल. स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी. गरम पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यावरचा भार उतरतो हे तुम्हाला कुणा डॉक्टरने सांगितलं नव्हतं, पीटीच्या बाईला ते माहीतच होतं. मग एकदा रस्त्यात शेवंताकाकू भेटल्या. त्या काजूच्या कारखान्यात बी फोडतात, दिवसभर उकिडवं बसून. तुम्ही त्यांना चालताना पाहिलंत आणि रस्त्यातच हुकूम सोडलात, "उद्या सुट्टी झाल्यावर चार वाजता माझ्याकडे यायचं. जुने कपडे घेऊन." दुसऱ्या दिवशी काकू साडीत पाण्यात उतरल्या. साडी फुगून वर आली. तुम्ही आतून शाळेची जुनी ट्रॅकपँट आणून दिलीत. काकू म्हणाल्या, "बाईनू, ह्यो घालून मी मेले तर जाळताना काढा हां." महिनाभरात अशा अकरा ट्रॅकपँटी तुमच्या दोरीवर वाळत होत्या.

थंडीत हौद गार पडायचा. गार पाण्यात दुखरा गुडघा अजून आखडतो. विजेवर पाणी तापवणं परवडणारं नव्हतं, आणि तुम्हाला पटणारंही नव्हतं. "डोक्यावर एवढा सूर्य तापतोय आणि मी मीटर फिरवू?" आंब्याच्या बागेत पाण्यासाठी वापरतात तो काळा पाईप तुम्ही आणलात आणि कातळावर पसरलात. सकाळी दहाला ऊन चढलं की पंप सुरू, पाणी गाळणीतून निघून पाईपातून फिरून पुन्हा हौदात. चार वाजता पंप बंद, कारण ऊन उतरल्यावर पंप चालू राहिला तर तेच पाईप हौदाची ऊब आभाळाला वाटून टाकतात. समुद्रावरून वारा येतो त्या अंगाला कमरेइतका दगडी गडगा घातलात. आणि पाण्यावर पांघरूण, थंडीत सकाळी ऊन थेट पाण्यावर पडावं म्हणून काढायचं आणि संध्याकाळी पुन्हा घालायचं. नव्या फ्रिजभोवती गुंडाळून येतो तो फुग्यांचा प्लास्टिक कागद, शहरातल्या दुकानांतून मागून आणलेला, बायकांनी तुमच्या पडवीत बसून चिकटवून जोडलेला. हौदाची ऊब जाते ती सगळ्यात जास्त वाफेवाटे, झाकलं की अर्धं काम झालं, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मी आता झोपेतही सांगेन.

दारात एक पाटी होती. तिच्यावर रोज चार वाजता खडूने एकच आकडा, पाण्याचं तापमान. शेवंताकाकू विचारायच्या, "बाईनू, आज कितीवर हाय?" "तीस." "मग उतरते. अठ्ठावीसला माजे गुडगे ऐकत नाय."

यातलं काहीही मी पाहिलं नव्हतं, तेव्हा मी पत्रक लिहिलं.

मी पत्रकांवर वाढले. वडील एसटी स्टँडवर उभे राहून पत्रकं वाटायचे. घरी गठ्ठे यायचे आणि मी जमिनीवर बसून त्यांच्या तीन घड्या घालायचे. अक्षरं तिथेच शिकले. माझ्या बाराखडीतला 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. त्याचा मला अभिमान होता आणि आहे. मे महिन्यात आपल्या वाडीत टँकर दोन दोन दिवस आला नाही आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "बाईंच्या हौदातून आठवड्याला पाणी सोडतात, डोळ्यांनी बघितलंय, माडाखाली तळं साचतं." मी त्याच संध्याकाळी लिहिलं. पिवळ्या कागदावर छापलं. घरोघरी स्वतः दिलं. तुमचं नाव घातलं नव्हतं, पण गावात हौद एकच होता.

तीन दिवसांनी तुमचा निरोप आला. मी भांडायच्या तयारीने आले. तुम्ही गडग्यावर बसून आंबा खात होतात.

"पत्रक तू लिहिलंस?"

"हो."

"हौद बघितला होतास?"

"सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला नाही विचारलं. तू बघितला होतास?"

मी मान वळवून पहिल्यांदा हौदाकडे पाहिलं.

"मग आता बघ. बघून पुन्हा लिही. शिव्या घाल हवं तर, पण बघून घाल."

मी बघितलं. हौदात नळाचा किंवा टँकरचा थेंब नव्हता. पावसाळ्यात तुमच्या कौलांवरून उतरणारं पाणी पन्हळीतून तिथे येत होतं. बांधल्यापासून हौद एकदाही उपसला गेला नव्हता. पांघरुणामुळे पाणी उडत नव्हतं, त्यामुळे मे संपत आला तरी पातळी वीतभरच उतरली होती. आणि माडाखालचं ते तळं? आठवड्यातून एकदा गाळणीतली वाळू उलट पाण्याने धुवायची आणि ते चार बादल्या गढूळ पाणी माडाच्या आळ्यात सोडायचं. तेवढंच. त्या चार बादल्यांचा मी टँकर केला होता.

तुम्ही रागावला नाहीत. मला आज त्याचाच राग येतो. तुम्ही आतून माझं पत्रक आणलंत, पंपाच्या खोलीत भिंतीवर चिकटवलंत, 'दर आठवड्याला' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत आणि समासात लिहिलंत, "बघितलं होतं का?" जशी काही माझी वही तपासत होतात. त्याखाली बोटभर जागा सोडलीत. "इथे तू दुरुस्ती लिहायची. मग तेवढी एक ओळ छापायची आणि ज्या घरी हे दिलंस त्या घरी ती द्यायची. बस्स."

मी म्हटलं, बघू.

माझ्या पत्रकाने काय केलं ते मला नंतर कळलं. अकराच्या अकरा बायका यायच्या बंद झाल्या. कुणाची सासू म्हणाली, टँकरच्या पाण्यात डुंबायला जातेस? कुणाच्या नवऱ्याने ट्रॅकपँट चुलीत घातली. शेवंताकाकू तो सबंध उन्हाळा आणि पावसाळा आल्या नाहीत. गणपतीत त्यांचा डावा गुडघा असा धरला की आरतीला उभं राहता येईना. शेवटी तुम्हीच त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिलात. तुमचेही गुडघे दुखत होते आणि त्यांची वाडी खाली उतारावर. काकूंच्या घरात शिट्टी वाजवलीत म्हणे. "हजेरी! शेवंता गैरहजर का?"

काकू परत आल्या, मागोमाग बाकीच्याही, आणि नोव्हेंबरपासून मीही येऊ लागले. पश्चात्ताप म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगायचे. सकाळी दवाने जड झालेलं पांघरूण ओढायला कुणीतरी हवं होतं, म्हणून.

तुम्हाला चावीचा दिवस आठवतो? मला वाटलं मी तुमच्याहून हुशार आहे. मी पाईपाची चावी जवळजवळ बंद केली. पाण्याची बारीक धार, पण अशी कढत की हात ठेववेना. मी ओरडून तुम्हाला बोलावलं. "बाई, बघा! चहा होईल!" तुम्ही चार वाजता पाटीवर आकडा लिहिलात. आदल्या दिवशीपेक्षा कमी. मग माझा एक हात धारेखाली धरलात आणि दुसरा हौदात बुडवलात.

"हा हात काय म्हणतो?"

"भाजतंय."

"आणि हा?"

"गार."

"बायका कुठे उतरणार? धारेत का हौदात?" आणि चावी पूर्ण उघडलीत. "पाणी जोरात जाऊ दे. बाहेर येताना जेमतेम कोमट लागलं पाहिजे. पाणी अडवून ठेवलंस की पाईप तापतो आणि ती ऊब वाऱ्यावर जाते. हाताला चटका बसला की तुला वाटतं काम झालं. पत्रकंही अशीच लिहितेस."

मी दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्ही "उशीर झाला, पांघरूण ओढ" एवढंच म्हणालात.

पण भांडण मिटलं नव्हतं, बाई, आणि मी ते आजही मिटवणार नाही. मी म्हणायचे, कारखान्याने बायकांना बसायला खुर्ची आणि कामाला उंच टेबल द्यायला हवं. गुडघे कारखान्याने मोडायचे आणि एका निवृत्त बाईने आपल्या परसात ते दुरुस्त करायचे, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणायचात, "माग ना खुर्ची. मी कुठे अडवलं? पण ती मिळेपर्यंत शेवंताने गुडघा ठेवायचा कुठे?" मी म्हणायचे, तुमच्यासारख्यांमुळे लोकांचा राग थंड होतो. तुम्ही म्हणायचात, "कोमट होतो. कोमट पुष्कळ टिकतं." मला अजूनही वाटतं की खुर्चीबद्दल मी बरोबर आहे. तुम्ही कधीच कबूल केलं नाहीत. आता करणारही नाही. ही भांडणातून पळून जायची रीत झाली, बाई.

आणि ती एक ओळ. दर आठवड्याला विचारायचात, "लिहिलीस?" मी म्हणायचे, पत्रकात माघार घेतली की पुढच्या पत्रकावर कुणी विश्वास ठेवत नाही. हे मला घरात शिकवलं होतं. तुम्ही म्हणायचात, "उलट आहे." मी चिडून विचारलं, मग तुम्हीच का नाही छापून उत्तर दिलंत? का नाही सांगितलंत गावाला, पाणी कुठलं आणि हौद कुणासाठी? तुम्ही हसून म्हणालात, "मी पीटीची बाई. मला शिट्टी मारता येते. लिहिणारी तू आहेस."

हे बरोबर नव्हतं. मी तुम्हाला खोटं ठरवणारं लिहिलं आणि तुम्ही माझी वाट बघत बसलात, जणू चूक करणाऱ्यानेच ती पुसली पाहिजे असा कुठे नियम आहे. त्या वाट बघण्यात बायकांचं काय होईल याचा विचार केला नाहीत. मृत्युपत्र केलं नाहीत. हौद या बायकांसाठी आहे असं चार ओळींत कुठे लिहून ठेवलं नाहीत. आणि हृदयाचं सांगितलं नाहीत. जड उचलायचं नाही असं डॉक्टरने लिहून दिलेला कागद तुमच्या फडताळात ट्रॅकपँटींच्या खाली सापडला.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी संगमेश्वरला होते, महामार्गाच्या सभेला. आदल्या संध्याकाळी तुम्हाला बजावलं होतं, "उद्या पांघरूण राहू दे. मी दुपारी येऊन काढते. एक दिवस पाणी कमी तापेल, कुणी मरत नाही." तुम्ही "बरं" म्हणालात. तुमचं "बरं" म्हणजे "नाही" असतं हे मला इतक्या दिवसांत कळायला हवं होतं. शेवंताकाकूंना त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून त्या दहा वाजता आल्या. पांघरूण अर्धं काढलेलं होतं. तुम्ही काठाशी होतात, प्लास्टिकची कड मुठीत. त्याच वेळी मी माईकवर बोलत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

तर पुतण्या. मला त्याचा तिरस्कार करायचा होता, पण तेही धड जमलं नाही. तो ठाण्याला असतो. बोलला तो सरळच बोलला. "ताई, मी इथे नसणार. उघडा हौद, उद्या कुणाचं पोर पडलं तर जबाबदार कोण? आणि गावाला तो नकोच होता. हे छापलेलं आहे." त्याने पत्रक हलवलं. "हवा होता, असं कुठे छापलंय का?"

कुठेच नाही, बाई. त्या बोटभर जागेत काहीच लिहिलेलं नाही. मी सबंध हिवाळा रोज त्या कागदासमोरून पंप चालू करायला जात होते.

त्याने येत्या रविवारी डंपर बोलावला आहे. जांभ्या दगडाचा चुरा आणि माती टाकून हौद भरायचा. कातळावरचे पाईप कुणाला हवे असतील तर न्या म्हणाला.

मी तिथून तडक शेवंताकाकूंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, पाय लांब करून. मान वर न करता म्हणाल्या, "गेल्या खेपेला तू आमच्यासाठी लिवलंस नि आमचाच पानी बंद केलंस."

मी म्हटलं, "यावेळी उलटं लिहिते."

"उलटं नको. खरं लिही." मग सूप बाजूला ठेवलं. "आनि त्यात माजं नाव घाल. 'एक कष्टकरी महिला' असलं काय घालू नको. शेवंता म्हणून घाल. गुडगा माजा हाय."

बाकीच्या दहा जणींकडेही मी गेले. दहाही जणींनी नाव दिलं, ती या पत्रकाच्या पाठीवर छापतेय. जिची ट्रॅकपँट चुलीत गेली होती, तिने सगळ्यात आधी. हौदाच्या चारी बाजूंनी गडगा चढवायला आणि दाराला कुलूप घालायला त्या तयार आहेत, किल्ली दोघींकडे राहील. पुतण्याच्या पोर पडण्याच्या भीतीला हे उत्तर आहे. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मी द्यायचं आहे.

म्हणून हे लिहिलं, बाई. पिवळ्याच कागदावर छापतेय, त्याच छापखान्यात. छापणारा म्हणाला, पत्रक एवढं लांब कुणी वाचत नाही. वाचतील. ज्या ज्या घरी मी ते पहिलं दिलं होतं त्या प्रत्येक घरी हे मी स्वतः नेऊन देणार, आणि समोर कुणी असेल तर उभं राहून वाचून दाखवणार. एक प्रत पुतण्याच्या हातात. त्याने ऐकलं नाही तर रविवारी डंपर येईल तेव्हा हौद रिकामा नसेल, अकरा बायका छातीभर पाण्यात उभ्या असतील. बारावी मी. मला पोहता येत नाही, तुम्ही शिकवणार होतात.

तुम्ही मागितलेली ओळ खाली आहे. मोठ्या टायपात घ्यायला सांगितली आहे.

मागच्या मे महिन्यात मी वाटलेल्या पत्रकात बाईंच्या हौदाबद्दल जे लिहिलं होतं ते खोटं होतं. हौदात टँकरचं पाणी कधीच नव्हतं. मी न बघता लिहिलं. चुकले.

ही ओळ पेन्सिलीने त्या बोटभर जागेत लिहून, पुतण्याकडून मागून घेतलेलं जुनं पत्रक भिंतीवर होतं तिथे आज परत चिकटवलं आहे. सकाळी पांघरूण काढलं, चौघींनी मिळून. दहाला पंप सुरू केला. चावी पूर्ण उघडी आहे. चार वाजता पाटीवर मी लिहिलं: एकोणतीस. शेवंताकाकूंनी वाचलं, नाक मुरडलं, आणि उतरल्या.